बुद्धमूर्तीच्या आत काय असतं? मूर्ती भरणं आणि 'रबने': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेह, धरमशाला, बोधगया, काठमांडू इथून मूर्ती घेऊन आलेली मंडळी, नवं विहार बांधणाऱ्या समित्या, आणि घरातली जुनी मूर्ती पुसताना तळाचा पत्रा पहिल्यांदाच नजरेस पडलेले लोक हेच प्रश्न सारखे पाठवत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती मुख्यतः तिबेटी परंपरेला धरून आहेत, कारण मूर्ती भरण्याचा विधी तिथे फार तपशिलात जपला गेला आहे आणि भारतात आपल्याला बहुधा तोच पाहायला मिळतो. इतर देशांची रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. मूर्तीच्या आत खरंच काही असतं का? आम्हाला वाटलं, आतून पोकळच असेल.

ओतकाम करून घडवलेली धातूची मूर्ती कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा पोकळच असते. तिबेटी परंपरेत ती तशी पूजेला ठेवत नाहीत. आत मधोमध लाकडाचा एक खांब उभा करतात. त्याच्या भोवती कागदावर छापलेल्या धारणी (म्हणजे मंत्रांसारखी लांब पवित्र वचनं) आणि मंत्र यांच्या घट्ट गुंडाळ्या, थोर आचार्यांचे अवशेष किंवा त्यांच्या चीवराचा तुकडा, बोधगया-सारनाथची माती, बोधिवृक्षाचं पान, चंदनाची आणि धुपाची पूड, औषधी वनस्पती, मोती-पोवळ्यांसारखी रत्नं असं सगळं ठासून भरतात. मग तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करतात. या भरण्याला तिबेटीत 'झुंगजुक' म्हणतात. त्यानंतर होणारा प्रतिष्ठेचा विधी म्हणजे 'रबने'. हे दोन वेगळे टप्पे आहेत आणि लोक ते नेहमी एक समजतात. भरण्याचा क्रम प्रश्न ७ मध्ये आहे, रबनेविषयी प्रश्न १० मध्ये.

२. ही तिबेटचीच पद्धत आहे ना? बुद्धाच्या देशात असं काही नव्हतं ना?

मूळ इथलंच आहे. स्तूपाच्या गर्भात अस्थिधातू ठेवण्याची चाल भारतातली, आणि मूर्ती भरणं हे त्याच चालीचं पुढचं रूप. त्याचा उत्तम नमुना तर आपल्या पालघर जिल्ह्यातच सापडला. नालासोपाऱ्याच्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलं, तेव्हा विटांच्या स्तूपाच्या मधोमध दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे समजले जाणारे मातीचे बारीक तुकडे जपून ठेवले होते. बरोबर सोन्याची फुलं होती, गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, आणि तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्याला गेलात तर टेकाड पाहाच, आणि त्याच्या पोटातून काय निघालं ते मनात ठेवून पाहा.

अस्थी किती आणि कुठवर पुरणार? म्हणून पुढे स्तूपात अस्थींच्या जागी बुद्धवचन ठेवू लागले. मातीच्या छोट्या मुद्रांवर गाथा उमटवायची आणि त्या आत ठेवायच्या. अशा मुद्रा नालंदेला मिळाल्या, आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतही मिळाल्या. तिथून तिबेटात गेलेली ही परंपरा तिथल्या आचार्यांनी जपली, वाढवली.

३. मुद्रेवर आणि मूर्तीत लिहितात ती गाथा कोणती?

ही:

ये धर्मा हेतुप्रभवा हेतुं तेषां तथागतो ह्यवदत् ।
तेषां च यो निरोध एवंवादी महाश्रमणः ॥

जे जे कारणातून उपजतं त्याचं कारण तथागतांनी सांगितलं, आणि त्याचा निरोधही सांगितला. महाश्रमणाची शिकवण ही अशी आहे. विनयपिटकातल्या महावग्गात प्रसंग आहे. राजगृहात अस्सजी भिक्षूंनी हीच गाथा पालीतून सारिपुत्ताला ऐकवली आणि तेवढ्यावर त्याला धम्माचं डोळसपण आलं. मज्झिम निकायात सांगितलं आहे की जो प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सगळं कारणांतून उपजतं हे तत्त्व, पाहतो तो धम्म पाहतो.

या सगळ्या विधीचं मर्म मला इथेच दिसतं. मूर्तीच्या पोटात रत्नं असतील, नसतीलही. ही गाथा मात्र असतेच. म्हणजे मूर्तीच्या आत जागा दिली जाते ती धम्माला. 'प्रत्येक गोष्ट कारणांनी घडते आणि कारणं सरली की सरते' हे सांगणारं वचन ज्या मूर्तीच्या हृदयाशी आहे, तिच्यासमोर हात जोडताना आपण काय करत असतो याचा विचार ज्याने त्याने करावा.

४. मग ही प्राणप्रतिष्ठाच झाली की! फरक काय?

बाहेरून पाहिलं तर साम्य भरपूर आहे: स्नान, वस्त्र, धूप, दीप, नेत्रोन्मीलन, अक्षता. भारतीय प्रतिष्ठाविधींचं हे सामाईक धन आहे, ते नाकारण्याचं कारण नाही.

फरक धारणेत आहे. वज्रयानात, म्हणजे तिबेटी लोक पाळतात त्या तांत्रिक बौद्ध परंपरेत, आधी आचार्य ध्यानात त्या मूर्तीला त्या त्या बुद्धाचं रूप म्हणून पाहतात. याला समयसत्त्व म्हणतात. मग ज्ञानसत्त्वाला, म्हणजे प्रत्यक्ष बोधीला, आवाहन करतात आणि दोन्ही पाण्यात पाणी मिसळावं तशी एक झाली असं ध्यान करतात. ते करण्यापूर्वी सगळं शून्यतेत विरवून घ्यायचं असतं. म्हणजे ज्या मूर्तीत बोलवायचं ती मूर्ती, बोलावणारा आणि ज्याला बोलवायचं तो, तिघांनाही स्वतंत्र अस्तित्व नाही हे आधी मान्य करूनच विधी सुरू होतो. परंपरेतल्या विद्वानांनी स्वतःच शंका काढली आहे की बुद्ध सर्वत्र असतील तर बोलवायचं कुणाला? उत्तर असं देतात की गरज बुद्धांना नाही, पूजकाच्या चित्ताला आहे.

आणखी एक ठळक फरक. आपण गणपती आणतो, उत्तरपूजा करतो आणि विसर्जन करतो. रबनेत प्रार्थना उलटी असते: पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा यांनी ही मूर्ती नष्ट होईपर्यंत इथेच स्थिर राहा.

५. आम्ही बाबासाहेबांच्या धम्ममार्गावरचे. विहारात मूर्ती बसवतोय. आम्हाला हे सगळं करावं लागेल का?

नाही. भरल्याशिवाय मूर्ती विहारात ठेवता येत नाही असा कोणताही नियम तुम्हाला लागू नाही.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती रंगूनहून आलेली, थेरवादी म्हणजे पाली परंपरा पाळणाऱ्या देशातली. महाराष्ट्रातल्या विहारांत तीच साधी रीत रुळली आहे: भंतेजींच्या उपस्थितीत त्रिसरण-पंचशील, बुद्धवंदना, परित्राणपाठ, धम्मदेसना, भोजनदान. तेवढं पुरेसं आहे आणि सुंदरही आहे. बावीस प्रतिज्ञांमधली आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाच्या हातून कोणतंही क्रियाकर्म करवून न घेण्याची आहे. मूर्तीत धारणी ठेवण्याविषयी त्या प्रतिज्ञांत काही नाही. पण बाबासाहेबांनी कर्मकांडाच्या ओझ्यातून समाजाला बाहेर काढलं हे लक्षात घेता, केवळ 'राहून गेलं तर काहीतरी वाईट होईल' या भीतीपोटी विधी मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी कधी समितीला लडाखहून किंवा तिबेटी मठाकडून भरलेली, प्रतिष्ठा झालेली मूर्ती भेट मिळते. ती आनंदाने स्वीकारा. तिचा तळ उघडू नका. आपल्या पद्धतीने वंदना करा. दोन्ही परंपरांचा मान राहतो.

६. भरण्याचं काम कोण करतं? मी घरी करू शकतो का?

साधारणपणे मठातले अनुभवी भिक्षू करतात. पण कागद कापणं, गुंडाळ्या वळणं, धुपाची पूड चाळणं यांत उपासक-उपासिकाही हात लावतात, आणि मोठी मूर्ती असेल तर गावच्या गाव लागतं. हात स्वच्छ, तोंडावर कापड, त्या दिवसांत मांस, दारू, कांदा-लसूण वर्ज्य, एवढं पाळायचं. कोणता मंत्र कुठे जाणार हे मात्र जाणकाराने ठरवायचं.

घरी स्वतः भरायची इच्छा असेल तर एखाद्या आचार्यांना विचारून त्यांच्या देखरेखीखाली करा. इंटरनेटवर मिळणाऱ्या छापील पानांची छायाप्रत काढून ती कोंबू नका. भलत्या आकाराच्या छायाप्रतीत काठावरची अक्षरं कापली जातात आणि मंत्र अर्धाच आत जातो.

७. भरण्याचा क्रम काय असतो?

मठागणिक आणि मूर्तीगणिक बारकावे बदलतात, पण सांगाडा असा.

आधी मूर्ती आतून स्वच्छ करतात. ओतकामातली माती, काजळी, तारेचे तुकडे राहिलेले असतात, ते काढून आत धुपाचा धूर देतात.

मग 'सोकशिंग', म्हणजे मूर्तीचं जीवनकाष्ठ. हा मधला खांब. चंदन किंवा धुपाच्या झाडाचं, म्हणजे हिमालयातल्या जुनिपरचं, लाकूड घेतात. काटेरी, विषारी किंवा किडलेल्या झाडाचं चालत नाही. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे: बुंध्याकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. म्हणून सुतार लाकूड तोडतानाच खूण करून ठेवतो. काही ठिकाणी पूर्वेकडची बाजूही खुणेने लक्षात ठेवतात आणि ती मूर्तीच्या पुढच्या अंगाला आणतात. चौकोनी तासलेल्या या काष्ठाला वरच्या टोकाला स्तूपाचा आकार देतात आणि खालच्या टोकाला अर्ध्या वज्राचा (वज्र म्हणजे विधीत हाती धरायचं, दोन्ही टोकांना अग्रं असलेलं उपकरण). त्याला लाल रंग देतात आणि त्यावर सोनेरी शाईने मस्तक, कंठ, हृदय यांच्या उंचीवर ॐ, आः, हूँ अशी बीजाक्षरं आणि इतर मंत्र लिहितात. अवशेष असतील तर ते हृदयाच्या जागी पिवळ्या रेशमात गुंडाळून बांधतात.

मूर्ती गादीवर निजवतात, कारण भरायचं तळाकडून असतं आणि सुरुवात डोक्यापासून करायची असते. उष्णीषात, म्हणजे डोक्यावरच्या उंचवट्यात, आणि मस्तकात उष्णीषविजया आणि विमलोष्णीष या धारणी जातात. पाच महाधारणींपैकी या दोन. उरलेल्या तीन म्हणजे गुह्यधातु, बोधिगर्भालंकारलक्ष आणि प्रतीत्यसमुत्पाद. कंठात, छातीत, हातांत त्या त्या जागेचे मंत्र. आसनाच्या भागात यक्ष-यक्षिणींची चक्रं आणि संपत्तीची देवता जंभल याचे मंत्र. सगळ्यात पवित्र ते वर, आणि धान्य, संपत्ती, भूमी यांच्याशी निगडित ते खाली, असा दंडक आहे.

गुंडाळ्यांच्या मधल्या फटींत चंदनाची, धुपाची पूड भरतात. शेवटी मूर्ती अलगद हलवून कानाशी धरतात. आत काही खुळखुळलं तर काम पुरं झालेलं नाही.

मग तळ. मूर्तीच्या बुडाच्या आकाराचा तांब्याचा पत्रा कापतात आणि त्यावर विश्ववज्र, म्हणजे फुलीसारखं चारही दिशांना टोकं असलेलं वज्र, कोरतात. पत्रा बसवून मूर्तीच्या कडेचा धातू बोथट छिन्नीने जागोजागी पत्र्यावर वळवतात. ठोके हलके आणि सावकाश पडतात, कारण एक जोराचा घाव मूर्तीच्या मुलाम्याला तडा देऊ शकतो.

८. मंत्रांच्या गुंडाळ्या करताना काय सांभाळावं लागतं?

हे काम दिसतं सोपं, पण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या एका तिबेटी मठाच्या ओसरीत ते चाललेलं मी पाहिलं आहे. छापलेले लांब कागद केशराच्या पाण्याने पिवळे करून सावलीत वाळवले होते. एक वयस्क भिक्षू पोलादी पट्टी धरून ओळींच्या मधोमध कापत होते, सुरी अक्षराला लागू न देता. समोर बसलेले तरुण भिक्षू बारीक सळईवर पट्टी गुंडाळत, सळई काढून घेत आणि गुंडाळी दोन बोटांत आणखी पिळून घट्ट करत. प्रत्येक गुंडाळीच्या वरच्या टोकाला लाल ठिपका. तो नसेल तर मूर्तीत भरताना अक्षरं उलटी कधी झाली ते कळणारही नाही.

मदतीला बसलेल्या एका गृहस्थांचा हात सवयीने जिभेकडे गेला, नोटा मोजताना जातो तसा. शेजारच्या भिक्षूंनी काही न बोलता त्यांच्यासमोर ओल्या कापडाची वाटी सरकवली. थुंकी लागलेला कागद मूर्तीत जात नाही. कागद जमिनीवर ठेवायचा नाही, त्याला ओलांडायचं नाही, वर फुंकर मारायची नाही. आणि कागद पूर्ण कोरडा हवा. ओल राहिली तर आत बुरशी धरते आणि पन्नास वर्षांनी मूर्ती उघडली तर लगदा निघतो.

९. आईची अंगठी, नवसाची चिठ्ठी, नाणी असं काही आत घालता येतं का?

सोनं-चांदी, मोती, पोवळी अशी दानात आलेली रत्नं घालतात. आईची अंगठी दान म्हणून देणार असाल तर आचार्यांना विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात. नवसाच्या चिठ्ठ्या घालू नका. मृत नातलगाचे केस किंवा राख मूर्तीत ठेवायची मागणी येते, तीही टाळा. तो मान बुद्ध आणि सिद्ध आचार्यांच्या अवशेषांचा आहे. शस्त्र, चामडं, प्लॅस्टिक, फोम, वापरलेलं कापड नको. धान्य भाजून आणि नीट वाळवूनच, तेही आसनाच्या भागात. किडा लागला तर तो सगळा कागद खातो.

१०. रबने म्हणजे नक्की काय करतात?

भरलेली मूर्ती म्हणजे तयार झालेली मूर्ती. तिची प्रतिष्ठा रबनेने होते. विस्तृत रबने तीन दिवस चालतो, मध्यम एका दिवसाचा, संक्षिप्त अर्ध्या-पाऊण तासाचा. पौर्णिमा, तिबेटी नववर्ष किंवा सागा दावाचा, म्हणजे बुद्धपौर्णिमेचा, तिबेटी महिना बरा मानतात.

मूर्तीचं मुख वस्त्राने झाकलेलं असतं. विघ्नं दूर करण्याचे मंत्र होतात, मग प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं ध्यान. त्यानंतर स्नान. इथे पाहण्यासारखी एक रीत आहे: मूर्तीसमोर आरसा धरतात आणि कलशातलं केशराचं पाणी आरशातल्या प्रतिबिंबावर ओततात. मूर्ती कोरडी राहते, स्नान प्रतिबिंबाला घडतं. भित्तिचित्र असो, थांका म्हणजे कापडावर रंगवलेलं चित्र असो, पाण्याने काहीच बिघडत नाही. पण नुसती सोय म्हणून ही रीत आलेली नाही. प्रतिबिंब दिसतं पण हाती लागत नाही, तसंच रूप समजावं, ही शिकवण त्या कृतीत आहे.

मग मुखावरचं वस्त्र काढून सोन्याच्या सळईने डोळे उघडल्याची कृती करतात. वस्त्र, अलंकार, अष्टमंगल अर्पण करतात. 'ये धर्मा' गाथा पुन्हा पुन्हा म्हणत फुलं आणि जवाचे दाणे मूर्तीवर उधळतात आणि स्थिर राहण्याची प्रार्थना करतात. मठांत जुन्या, आधीच प्रतिष्ठित मूर्तींसाठीही दरवर्षी रबने करतात.

११. डोळे उघडण्याचा विधी सगळीकडे असाच असतो का?

नाही, आणि हा भाग देशोदेशी पाहावा असा आहे.

श्रीलंकेत डोळे रंगवणारा कारागीर मूर्तीच्या नजरेला नजर देत नाही. मूर्तीकडे पाठ करून तो आरशात पाहत खांद्यावरून कुंचला चालवतो. थायलंडमध्ये, विशेषतः उत्तरेकडे, डोळे मेणाने बंद केलेले असतात आणि मस्तक पांढऱ्या कापडाने झाकलेलं. भिक्षू रात्रभर बुद्धचरित्राचं पठण करतात. मूर्तीपासून भिक्षूंच्या हातांपर्यंत सुताचा धागा नेलेला असतो. पहाटे मेण आणि कापड काढतात. ज्या रात्री सिद्धार्थ बुद्ध झाले ती रात्रच मूर्तीसमोर पुन्हा उभी करतात. धम्मपदातल्या 'अनेकजातिसंसारं' या गाथा तिथे म्हटल्या जातात.

जपानमध्ये नारा इथल्या तोदाईजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली उघडले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेले लोक ते धरून उभे होते, म्हणजे डोळे रंगवण्यात सगळ्यांचा हात लागावा. तो कुंचला शोसोइन या भांडारात आजही जपलेला आहे. युद्धात मंदिर जळाल्यावर ११८५ साली पुन्हा डोळे उघडताना तोच वापरला गेला.

१२. दक्षिणा किती द्यावी लागते?

ठरलेला दर नसतो. साहित्याचा खर्च विचारून द्यावा आणि वर ऐपतीप्रमाणे दान. कुणी पॅकेज सांगून रक्कम मागत असेल तर तिथून उठावं.

१३. दगडी भरीव मूर्ती, प्लास्टरची मूर्ती, थांका, फोटो यांचं काय?

भरीव मूर्तीत भरायला जागा नाही, म्हणून फक्त रबने करतात. कधी पाठीला किंवा बैठकीत छोटा खळगा करून त्यात गुंडाळी ठेवतात. जुन्या मूर्तीला मात्र असं भोक पाडू नका. थांक्याच्या मागच्या बाजूला आकृतीच्या मस्तक, कंठ, हृदय यांच्या बरोबर पाठीमागे लाल रंगात ॐ आः हूँ लिहितात. थांका उलटून पाहिला तर ओळखू येतं. छापील चित्रावरही तेच करता येतं. प्लास्टर किंवा फायबरची मूर्ती चालते. द्रव्य हलकं म्हणून बुद्ध हलका होत नाही.

१४. काठमांडूहून आणलेल्या मूर्तीला तळाशी पत्रा आहे. म्हणजे ती भरलेली आहे का?

बहुधा नाही. पाटणमधले, विशेषतः ओकु बहाल परिसरातले, शाक्य कारागीर मेणाचा साचा करून ओतलेल्या मूर्ती घडवतात. ग्राहकाला तळ बंद दिसावा म्हणून दुकानदार विश्ववज्र कोरलेला पत्रा बसवून देतात. आत काही नसतं. हलवून पाहा, टिचकी मारून पाहा: रिकामी मूर्ती घंटेसारखी वाजते, भरलेली दबका आवाज देते. वजनातही फरक कळतो. दुकानदाराला सरळ विचारलं तर प्रामाणिक माणूस सांगतो. पूजेसाठी घ्यायची असेल तर तळ उघडाच ठेवून मागा, म्हणजे भरताना पत्रा उचकटावा लागत नाही.

१५. मूर्ती पडली आणि तळाचा पत्रा सुटला. आतले कागद दिसतायत. आता?

घाबरू नका, अपशकुन वगैरे काही नाही. बाहेर आलेलं सगळं स्वच्छ पिवळ्या किंवा पांढऱ्या कापडात जसंच्या तसं बांधा, उलगडून वाचत बसू नका. मूर्ती आडवी ठेवा आणि जवळच्या मठाशी संपर्क करा (प्रश्न १९). मोठी दुरुस्ती, पुन्हा मुलामा किंवा हात जोडायचा असेल तर आधी 'अर्ग' नावाचा छोटा विधी करतात. त्यात ज्ञानसत्त्वाला तात्पुरतं आरशात स्थिरावण्याची विनंती करतात, आरसा झाकून ठेवतात आणि काम झाल्यावर पुन्हा रबने करतात. कारागिराला छिन्नी-हातोडा निर्धास्तपणे चालवता यावा याची ही सोय.

१६. आजोबांच्या वेळची मूर्ती आहे. आत मौल्यवान काही असेल का? उघडून पाहिली तर?

कृपया उघडू नका. आत रत्नं असतील या आशेने दलालांनी हिमालयातल्या किती मूर्तींचे तळ फोडले आहेत याचा पुरावा जगभरच्या संग्रहालयांत दिसतो: मूर्ती अखंड, तळ उघडा, आत काही नाही. मूर्तीत कोणता कागद कुठे होता, कुणी आणि केव्हा भरला, ती सगळी माहिती एका उचकटण्यात संपते. आज संग्रहालयं क्ष-किरण आणि सीटी स्कॅन वापरून तळ न उघडता आतलं पाहतात.

मूर्ती १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा केंद्रीय कायदा लागू होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे तिची नोंद करावी लागते, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातलगांना भेट म्हणून पाठवायच्या आधी हे लक्षात घ्या.

१७. चीन, कोरिया, जपानमध्येही मूर्ती भरतात का?

हो. क्योतोच्या सेइर्योजी मंदिरातली शाक्यमुनींची लाकडी मूर्ती चोनेन या जपानी भिक्षूने ९८५ साली चीनमध्ये घडवून घेतली. १९५४ साली ती उघडली तेव्हा आत ग्रंथ, नाणी आणि रेशमाचे शिवलेले अवयव निघाले: हृदय, फुप्फुसं, यकृत, आतडी. ते भिक्षुणींनी केलेले होते. एवढ्या मायेने बुद्धाचं पोट शिवणाऱ्या त्या बायकांची आठवण मला या विषयातली सगळ्यात जवळची वाटते. कोरियात पाच रंगांचे धागे, पाच धान्यं, औषधं एका डबीत घालून ती मूर्तीत ठेवतात. हा विधी कोरियाने २०१९ साली राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित केला.

१८. न भरलेली मूर्ती घरात ठेवली तर दोष लागतो का?

नाही. तिबेटी परंपरेत रिकामी मूर्ती ठेवू नये असं सांगतात ते आदरापोटी. कुणी तुमच्या घरातलं आजारपण किंवा नोकरीची अडचण 'रिकाम्या मूर्ती'शी जोडत असेल तर त्याचं ऐकू नका. अडचणींची कारणं शोधायची असतात, आणि प्रश्न ३ मधली गाथा तेच सांगते.

१९. महाराष्ट्रातून जवळ कुठे करून मिळेल?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या लोकांना ती सोयीची. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोव्याच्या लोकांना कर्नाटकातलं मुंडगोड बरं पडतं. हुबळीहून जवळच आहे, आणि गांदेन, द्रेपुंग हे मोठे मठ तिथे आहेत. आणखी दक्षिणेला बैलकुप्पे, तिथे सेरा आणि नामड्रोलिंग. आधी कळवून जा. मूर्तीची उंची आणि तळाचा फोटो पाठवा. मूर्ती कुणाची आहे ते नक्की करून घ्या, कारण शाक्यमुनी, तारा, मंजुश्री यांचे मंत्र वेगळे. लगेच परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मोठ्या पूजांच्या काळात भिक्षूंना सवड नसते.

२०. भरलेली मूर्ती विकता येते का?

परंपरेत प्रतिष्ठित मूर्तीवर नफा कमावणं दोषाचं मानतात, आणि त्या पैशांतून स्वतःचं खाणंपिणं तर नकोच म्हणतात. नको असेल तर विहाराला, मठाला किंवा श्रद्धेने ठेवील अशा माणसाला द्या. भेट देताना आत काय आहे, कुठे प्रतिष्ठा झाली, हे एका कागदावर लिहून द्या. पुढच्या पिढीला प्रश्न १६ पडणार नाही.

२१. मूर्ती दुरुस्तीपलीकडे मोडली किंवा मंत्रपट्ट्या उरल्या, तर त्यांचं काय करायचं? नदीत सोडायच्या का?

नदीत नको, शाई, रंग, धातू पाण्यात जातात. उरलेल्या पट्ट्या पुढच्या मूर्तीसाठी कोरड्या डब्यात उंच जागी ठेवा. खराब झालेल्या असतील तर स्वच्छ भांड्यात जाळा, जाळताना ॐ आः हूँ म्हणतात, आणि राख पायदळी येणार नाही अशा जागी, एखाद्या झाडाच्या बुंध्याशी किंवा डोंगरावर ठेवा. मोडलेली मातीची मूर्ती कुटून तिची माती नव्या मूर्तीसाठी किंवा 'त्सात्सा' म्हणजे मातीचे छोटे ठसे करण्यासाठी वापरतात. असे ठसे स्तूपात भरायला लागतातच, तेव्हा मठाला विचारलंत तर ती माती ते ठेवून घेतात. धातूची मूर्ती असेल तर मोडीत घालू नका, मठाकडे द्या. आतलं ते विधीने काढून घेतात आणि नव्या मूर्तीत भरतात.